कडूबाईची हाळी

...आता ताटं मागायची तर काय दरा उतरून, समोरचा डोंगर चढून, कानात जाऊन मागायची का? तुमीच सांगा! आमची वस्ती नांदूरघाटाच्या वरल्या अंगाला, डोंगरात. दारातनं पाऊल टाकलं की हा एवढा खोल दरा, आन पल्याड भिवराबाईचं घर. तिनं वाळत घातलेलं लुगडं हितनं दिसतं, पर तिथं जाऊन यायचं म्हणलं तर निम्मा दिस जातो. मंग माणूस काय करंल? खडकावर उभं ऱ्हाईल, तोंडाभवती दोन्ही हात धरील आन पोटातनं हाळी देईल! तेच माझ्या थोरल्या जावेनं, कडूबाईनं केलं, आन तेवढ्यावरनं तिच्या नातीची सोयरीक मोडायला आलती, तुमाला सांगते... आन म्हणं आमी भांडतो!

झालं काय, कडूबाईची नात तेजश्री, तिच्या ल्येकाची, आश्रुबाची लेक, नर्सिंगचं शिकलेली, सुई टोचली तर कळायचं न्हाई एवढा हलका हात. तिला माजलगावचं स्थळ आलं. पोरगा आदिनाथ, औषधाच्या दुकानात बसतो, गरीब सभावाचा. पोराला पोरगी पसंद, पोरीला पोरगा पसंद, बापाला, म्हंजी बंकटरावाला, समदंच पसंद. ऱ्हायली पोराची थोरली बहीण वर्षाराणी, आन त्या घरात चालतं तिचं. आता माजलगाव म्हंजी कसं, धरणाचं पाणी, सपाट रान, ऊसच ऊस, आन ही माणसं ऱ्हाणार कॉलनीत, घराला घर चिकटलेलं. शेजारणीला दही मागायचं तर खिडकीतनं वाटी म्होरं केली की झालं. त्यांना कशाला लागतोय आवाज!

पयल्या बारीला पाव्हणे जीपमधनं उतरले, आन नेमकी त्याच वक्ताला कडूबाई खडकावर. पाव्हणे सांगितल्यापेक्षा चार जास्त आलते, घरात ताटं कमी, म्हणून तिनं हाळी दिली, "भिवरेऽऽ, मेलीस का गंऽऽ!" आन तिकडनं भिवराबाई, जीपमधली डोकी पल्याडनंच मोजून बसलेली, "तू मर आदीऽऽ, तुजीच ताटं घासतेय नव्हंऽऽ!"

आता ह्यात भांडण कुठं आलं? मेलीस का म्हंजी बरी हाईस का, आन तू मर आदी म्हंजी मी बरी हाय, तू कशी हाईस! चाळीस वर्सं झाली, त्या दोघी असंच इचारत्यात. आन गुडघा धरलेली ती भिवराबाई पंधरा ताटं डोक्यावर घिऊन दरा उतरली, दरा चढली, कुणासाठी? ह्या पाव्हण्यांसाठीच की! पर वर्षाराणीचं तोंड उतरलेलं ते उतरलेलंच. आश्रुबाला बाजूला घिऊन पुस्तकातल्यावानी बोलली, "इथे नेहमीच अशी भांडणं होतात का?" आश्रुबा हसला. हसायचं नव्हतं... चौथ्या दिशी मध्यस्थाचा फोन. घर चांगलं, पोरगी लाखात एक, पर माणसं भांडखोर दिसत्यात, येत्या रविवारी पुन्हा येणार, बगणार, आन मंगच काय ते ठरवणार. घ्या! आन म्हणं आमी भांडतो!

तुमाला सांगते, ह्याच आवाजानं तेजश्रीच्या जल्माला दोन डोंगरापल्याडची सुईण आणली होती. लांडगा शेरडांत शिरला तवा ह्याच आवाजानं चार वस्त्या उठवल्या होत्या. पर आश्रुबा आईपशी बसला, मान खाली घालून म्हणला, "माय, एक दिस हळू बोल. पोरीच्या जल्माचा सवाल हाय." कडूबाई म्हणली एवढंच व्हय, बोलतच न्हाई की. रविवारी सकाळीच तिनं एक आख्खी सुपारी गालात धरली, तोंड मिटलं, आन बसली उंबऱ्यापशी.

आन मंग काय, समद्या वस्तीनंच हळू बोलायचं ठरलं! कुत्रं लांब नेऊन बांधलं. कोंबडा तेवढा ऐकंना, त्याला पाटीखाली झाकला. पाव्हणे आले, आमी कुजबुजून म्हणलं, या. कुजबुजून म्हणलं, बसा. वाढताना वाटीचा आवाज होईना का चमच्याचा. थोड्या वेळानं पाव्हणे बी कुजबुजायला लागले! बंकटरावानं आश्रुबाच्या कानाला लागून इचारलं, घरात कुणी गेलंबिलं का हो? वर्षाराणी तर दोनदा आतल्या खोलीत डोकावून आली, तिला वाटलं, कुणाला कोंडून ठिवलंय का काय हितं!

त्यात पल्याडनं भिवराबाई. सकाळपास्नं हिची हाळी न्हाई. एकदा इचारलं, मेलीस का गं. हितनं उत्तर न्हाई. दुसऱ्यांदा इचारलं, मेलीस का गं. न्हाई. तिसऱ्या बारीला तिचा आवाज कापला हो... "कडूबाऽऽय, खरंच मेलीस का गं?" आन ही हितं गालात सुपारी धरून बसलेली, डोळ्यातनं पाणी गळतंय, पर तोंड उघडंना.

जेवणं झाली आन बंकटरावाला फोन करायची हुक्की आली. आमच्याकडं रेंज येती ती फकस्त उजवीकडच्या टेकावर. आश्रुबानं बोट दाखवलं, पाव्हणा फोन डोक्यावर धरून निघाला, आन करवंदीच्या जाळीपशी वळला डावीकडं! डावीकडं शेरडांची वाट, म्होरं नुसती कपार. कडूबाईनं बगितलं. आवो, एक हाळी लागत होती, एकच. ती उठली, तोंडापशी हात नेले, आश्रुबाकडं बगितलं. आश्रुबाची पाठ वाटंकडं, त्यानं नुसतं व्हटावर बोट ठिवलं. ती खाली बसली. चाळीस वर्सं एका चुलीपशी काढली मी तिच्यासंगं, पर तिला अशी बसलेली कदी बगितली न्हाई.

घंटा झाला, पाव्हणा न्हाई. दीड घंटा झाला, न्हाई. आदिनाथ टेकावर जाऊन आला, तिथं कुणी न्हाई. वर्षाराणी फोन लावतीय आन आतली बाई सांगतीय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. काय ग्वाड बोलते हो ती बाई, किती हळू... उपेग काय? पोरीचा धीर सुटला. पप्पांना शुगर आहे, म्हणली, सकाळी गोळी घेतलीय, जेवण पण नीट झालं नाही. कसं होईल! आमी कुजबुजून वाढलेलं त्यांनी लाजून खाल्लेलं.

कडूबाई उठली. सुपारी अंगणात थुकली. म्हणली, "आश्रुबा, सोयरीक मोडली तर मोडू दे बाबा. माणूस मोडाय नको."

आन खडकावर उभी ऱ्हाऊन तिनं हाळी दिली, "भिवरेऽऽऽ!"

कावळे उडाले. पाटीखालचा कोंबडा आरवला. आदिनाथच्या हातनं चहा सांडला. आन पल्याडनं भिवराबाई, रडत का हसत देव जाणे, "मेली न्हाईस व्हय गंऽऽ!" हिनं सांगितलं, मागनं मरते, आदी ऐक. आन मंग एकेक शबूद. माणूस. चुकलाय. पांढरा सदरा. डावा दरा. हर शबदामागं थांबायचं, वाऱ्याला जाऊ द्यायचं, आन मंग म्होरला सोडायचा. भिवराबाईनं तेच उचलून पलीकडच्या बायनाबाईला दिलं, ती शेरडं घिऊन कपारीकडंच गेलती. नुसता वारा. वर्षाराणीनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली.

तेवढ्यात निरोप उलटा आला. सापडलाय. कपारीखाली हाय. पाय मुरगळलाय. आन बायनाबाई इचारतीय, सीताफळ देऊ का, तर तो म्हणतो मला साखर हाय! झालं, पाव्हण्याची साखर तीन डोंगरांना कळली. कुठनं तरी चौथ्या डोंगरावरनं एक बुवा म्हणला, "निम्मं द्याऽऽ!"

तवा आमची तेजश्री उठली. इतका येळ पदर घिऊन बसलेली पोरगी, आजीच्या शेजारी खडकावर उभी ऱ्हायली, तोंडाभवती हात धरले. "घाम आलाय काऽऽ?" तिकडनं आलं, आलायऽऽ. "हात कापतात काऽऽ?" कापत्यातऽऽ. "मंग साखर उतरलीयऽऽ! आख्खं द्याऽऽ! दोन द्याऽऽ!" माझी शप्पत, आजीपेक्षा सवाई आवाज! आदिनाथ एक पाऊल मागं सरला. मागं सरला, पर बगत ऱ्हायला हो तिच्याकडंच.

मंग वर्षाराणी म्हणली, मला पप्पांशी बोलायचंय. वरडली बिचारी, पर आवाज निम्म्या दऱ्यात पडला. कडूबाईनं तिच्या पोटावर हात ठिवला, "लेकी, गळ्यातनं नगं. हितनं. आन वारं जरा पडू दे." वारं पडलं. पोरीनं हाळी दिली, "पप्पाऽऽऽ!"

लई लांबनं, बारीक, आलं, "ओऽऽऽ!"

ती तिथंच खडकावर बसली आन रडली. आमी कुणी कायबी बोललो न्हाई. अशा वक्ताला आमी बी हळूच ऱ्हातो.

पाव्हण्याला चौघांनी चादरीच्या झोळीत घालून आणलं. दोन्ही गालांत सीताफळ, मांडीवर बियांचा ढीग. उतरल्या उतरल्या त्यांनी इचारलं, ती "दोन द्या" म्हणणारी कोण? तेजश्रीनं डोक्यावर पदर घेतला. बंकटराव वर्षाराणीकडं बगून म्हणले, "मला सून पायजे. हीच पायजे." आन वर्षाराणीनं स्वताच्या हातानं तेजश्रीला कुंकू लावलं. ताटं पुन्हा भिवराबाईचीच.

लगीन झालं, पोरगी नांदायला गेली, समदं ग्वाड झालं. तुमी म्हणाल, मंग आता कुरकुर कावून? आवो, परवा मध्यस्थ आलता. म्हणला, बंकटराव सकाळी गच्चीवर उभे ऱ्हात्यात, तोंडाभवती हात, आन खाली सैपाकघरात हाळी देत्यात, चहाऽऽ! तेजश्री खालनं वरडते, बिनसाखरेचाऽऽ! वर्षाराणी दोन गल्ल्या पलीकडं दिली हाय, तिनं फोन करणंच सोडलंय, ती तिच्या गच्चीवरनं इचारती, पप्पाऽऽ, मेलात काऽऽ! आन हे हिकडनं, तू मर आदीऽऽ!

आन समदी कॉलनी म्हणते, सोन्यासारखं शांत घर होतं, डोंगरातली सून आणली तवापास्नं रोज भांडणं!

मी जाऊन कडूबाईला सांगितलं. ती म्हणली, त्यांच्याकडं दरा न्हाई ना बाई, आवाज जाणार कुठं... आता सांगा, कुणाकुणाच्या गालात सुपारी घालायची आमी?