गारेवरचं हळदकुंकू

मंडळी, ऐका. मृदंग जरा थांबू द्या बुवा, आज माझाही आवाज बसलाय. एकच प्रश्न विचारतो. माणूस फसतो कधी — अडाणी असतो तेव्हा, की दमतो तेव्हा? घाईनं उत्तर देऊ नका. घाईनं उत्तर देणारेच आधी फसतात, हे गावोगाव बघत आलोय मी!

तर खाडीपलीकडे एक गाव. तिथं गार दळायची गिरणी. गार म्हणजे आपली गारगोटी हो — पोरं दोन गारा एकमेकींवर घासून ठिणग्या पाडतात ती! तिची पूड काचेच्या कारखान्यात जाते. त्या गिरणीत यशवंत कामाला. घर बघायची त्याची बायको, सुगंधा. आता त्या गिरणीतली रीत ऐका. खंडेनवमीला प्रत्येक गड्यानं एक गार घरी न्यायची, देव्हाऱ्यात ठेवायची, हळदकुंकू वाहायचं. पोटाला घालते ना ती! यशवंताकडे देवांपेक्षा गाराच जास्त झाल्या होत्या.

आणि मग खोकला लागला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, नवराबायकोला बसवून सांगितलं. दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय, ती निघायची नाही. त्यात भरीला क्षय झालाय. तो मात्र गोळ्यांनी बरा होतो, एकही दिवस चुकवायचा नाही. खरं बोलल्या बाई. पण मंडळी, खरं ऐकून घ्यायलाही अंगात बळ लागतं! गोळ्या घेतल्या की यशवंताला मळमळायचं, घास उतरायचा नाही. अंगणात गेला तरी धाप लागायची.

अशात गावच्या सभामंडपात शहरातून एक ताई आल्या. पांढरी साडी, गोड आवाज, लाल मखमलीवर स्फटिक मांडलेले. त्यांतून ऊर्जा निघते म्हणे, दुखणं ओढून घेते; फक्त औषध चालू असलं की अडते! — हसू नका. इथं पुढेच बसलेल्या एका भाऊंनी आत्ता स्फटिकाचं कडं घातलेलं मनगट उपरण्याखाली घेतलं. असू दे हो भाऊ, दागिना म्हणून शोभतंय की!

शेजारीपाजारी म्हणाले, करून बघायला काय जातं. यशवंत आडवा झाला. ताईंनी छातीवर स्फटिक ठेवला, कपाळावर हात ठेवला, डोळे मिटायला सांगितलं. त्याला बरं वाटलं. खरंच वाटलं हो, ते मी नाकारत नाही. घरचं माणूससुद्धा रोजच्या खोकल्याला विटतं. इतक्या मायेनं त्याला कितीतरी दिवसांत कुणी हात लावला नव्हता.

सुगंधानं तो दगड हातात घेऊन पाहिला आणि ओळखला. जरा स्वच्छ, घासूनपुसून चमकवलेला, पण नवऱ्याच्या कपड्यांतून ती रोज झटकायची तीच वस्तू. घरी आल्यावर ती हळूच म्हणाली, "अहो, ही आपली गारच आहे."

तुम्हाला वाटेल, आता याचे डोळे उघडले. कुठले उघडतायत! यशवंत देव्हाऱ्याकडे बघून म्हणाला, "म्हणूनच तर. इतकी वर्षं हिला पुजलं, हिनं आपल्याला जेवू घातलं. ती माझं वाईट कसं करील?"

तीही दमली होती. गोळ्यांची पाकिटं फळीवर गेली, तिनं ती खाली काढली नाहीत. आरोग्यसेविका विचारायला आली, तर "घेतात हो" म्हणाली. आणि गंमत बघा — गोळ्या थांबल्या तशी मळमळ थांबली, यशवंताला अन्न जायला लागलं. गुण कुणाचा? दगडाचा! सगळं गाव तेच म्हणायला लागलं.

गणपतीच्या आधी खोकल्यातून रक्त पडलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाईंनी शिकस्त केली. यशवंत गेला.

तेरावं झाल्यावर ताई भेटायला आल्या. वाईट वाटलं असेलही त्यांना. सुगंधाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "श्रद्धा कुठंतरी कमी पडली बघा."

सुगंधानं हात सोडवून घेतला. म्हणाली, "श्रद्धा पुष्कळ होती, ताई. गोळ्या कमी पडल्या. आणि मी ते बघत बसले."

मंडळी, ताईंना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालून घालून थकलो. या गावातून उठवल्या तर पुढच्या गावात मांडव पडलेला असतो. मला तुम्हालाच विचारायचंय. सल्ला द्यायला सगळी आळी आली, सुगंधाला घटकाभर टेकू द्यायला कोण आलं? गोळीनं मळमळतंय तर पेज करून कुणी नेली? बघा, सगळे खाली बघायला लागले!

आता आरतीला उठाल. त्याआधी आपापल्या आळीत कोण आजारी आहे ते आठवा. आठवलं? मग आधी तिकडे जा. गोळी घेतली का विचारा, आणि घेईपर्यंत उठू नका. आरतीला उशीर झाला तर होऊ दे. देवाला थांबायची सवय आहे.