प्रणिताचा हात आणि दर्शनाची पकड

मंडळी, ऐका! खारकोंडच्या मुलींनी कबड्डीची अंतिम लढत जिंकली!

...काय म्हणालो मी? काही नाही म्हणालो. पेटीवाले, तुम्ही काही ऐकलंत? — नाही. बघा! निकाल अजून लागायचाय. सगळ्यांनी काळजीत बसा.

आधी एक सांगा. मोडलेला हात बरा झाला, तर पुन्हा मैदानात उतरायला जास्त छाती कुणाला लागते? ज्याचा मोडला त्याला? की ज्यानं तो हात धरायचा, त्याला? — ताई, इतक्यात मान हलवू नका, गोष्ट व्हायचीय!

तर आपली प्रणिता. संघात डाव्या कोपऱ्यात उभी राहायची, शेजारी दर्शना. चढाई करणारी आत आली की दोघी हातात हात घालून साखळी करायच्या. एकदा सरावात दर्शनाचा गुडघा पडला, तो नेमका प्रणिताच्या पंजावर! हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, स्क्रू बसले. मग कित्येक महिने पोरगी चेंडू दाबतेय, ओले टॉवेल पिळतेय. घरचे संपले, शेजारचे पिळले! गावातली म्हातारी माणसं चुंबक घेऊन यायची — पंजाला चिकटतो का बघायला. मी असल्या फंदात पडलो नाही. दोनदाच गेलो. नाही चिकटत.

डॉक्टरांनी फोटो पाहिला, पंजा आवळायला लावला, म्हणाले, "खेळ." हाड जुळलं! पण दर्शनाचं काय? तिचा फोटो कुणी काढला?

अंतिम लढतीला प्रशिक्षक हिराजीकाका म्हणाले, "प्रणिता, आज साखळी टिकली तर कोपरा तुझा. तुटली, तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल बाळा."

आणि साखळी तुटत होती, मंडळी! दरवेळी! समोरची धडकायची, आणि दर्शना हात सोडून द्यायची. शेवटची चढाई उरली. गुण बरोबरीत. आपल्या दोघीच मैदानात. काकांनी वेळ मागून घेतला, एक शेवटची संधी दिली.

"दर्शे, माझा हात धरलायस की जावयाला पापड वाढतेयस?"

"तुला लागलं तर गं?"

"डॉक्टर खेळ म्हणालेत."

"डॉक्टरांचा गुडघा नव्हता पडला!"

घ्या! आता बोला! मला नसतं सुचलं. प्रणिताला सुचलं.

"हे बघ. हात दुखला तर मी 'हात' म्हणून ओरडीन. तोवर सोडायचं नाही. तुझ्या गुडघ्यानं मी कायमची घरी बसले नाही, दर्शे. आता तू सोडलास, तर बसेन."

शिट्टी! समोरची आली — कबड्डी कबड्डी कबड्डी — साखळीवर धडकली! आणि प्रणिता किंचाळली, "आई गं!"

हिराजीकाकांनी डोळे झाकले. दर्शनाची बोटं सुटायला आली! पण ती ऐकतेय... 'आई' म्हणाली. 'हात' नाही म्हणाली! — आणि तिनं तो पंजा असा आवळला, असा आवळला, की समोरचीचा दम तिथंच सुटला!

जिंकलो! काय, कुणाला वाटलं होतं का?

आणि किंचाळली कशाला? पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. दर्शनानंच पाय दिला होता! हात ठणठणीत.

मंडळी, रोज म्हणता, "विठ्ठला, माझा हात धर." त्यानं पापडासारखा धरला तर चालेल? मग घरात बघा जरा. आजारातून उठलेला माणूस विहिरीकडे निघाला, की त्याच्या हातातली बादली तुम्ही काढून घेता. प्रेमानं! तो बरा होऊन वर्ष झालं, अजून ओसरीवर बसूनच आहे. द्या ती बादली परत. सांडलं तर पाणीच आहे!

सबब, या सभामंडपातर्फे माननीय आरोग्य खात्यास सविनय विनंती करण्यात येते की, हात बरा झाल्याचा दाखला देतेवेळी तो हात धरणाऱ्या सर्व इसमांना समक्ष बोलावून, त्यांची भीती तपासून, 'धरण्यास योग्य' असा शेरा मारावा. व जे अयोग्य ठरतील, त्यांना जुळेपर्यंत प्लास्टरमध्ये ठेवावे. कळावे.