सुपारीचा नवरदेव

दारव्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विमलताई बकरी घेऊन बसल्या होत्या. शेजारची बाई मांडीवरच्या कुत्र्याच्या पिल्लाला सारखी गोंजारत होती.

"काय झालं व याले?"

"रुखवतातला सुपारीचा नवरदेव गिळला न! परवाच आणलं याले. नवरीले मात्र तोंड नाही लावलं."

"इकतचा व्हता काय?"

"छे व बाई! आमच्या निकितानं सारं रुखवत सोताच्या हातानं बनवलं. वऱ्हाडी पाहातच राह्यतीन."

"मोठी गुणाची पोरगी हाय."

"हाय मंग!"

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी पिल्लाचं पोट चाचपलं.

"रंग कोणता होता त्या नवरदेवाला? चिकटवला कशानं? ते कळल्याशिवाय औषध कसं देऊ?"

"थांबा, पोरीलेच इचारू."

बाईनं घाईघाईत फोन स्पीकरवर टाकला.

"निकिता, नवरदेव कायनं चिकटवलता व?"

"मले काय मालूम, आई? यवतमाळच्या त्या दुकानवाल्या काकूले इचार न. नंबर धाडू काय?"

"धाडायला सांगा, लवकर," डॉक्टर म्हणाले.

विमलताईंनी बकरीची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"लय लाजाळू हाय व पोरगी," बाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "केल्या कामाचं नावच घेऊ देत नाही!"