हात सगळ्यात शेवटी

माहरुख : असं नाय गो चैत्राली! भार मागल्या पायावर घे. आता पुढला पाय टाक, कंबर फिरव. हात सगळ्यात शेवटी.

चैत्राली : तुला गं हे कोणी शिकवलं? बाबा तर कबड्डीचे सर.

माहरुख : अब्बा तुडीलला सावित्री नदीत मासळीचं जाळं फेकतात, तसंच. हात आधी गेला का जाळं उघडत नाय, गोळा होऊन पडतं. मार आता.

चैत्राली : अय्या! बॉल कुंपणापलीकडे गेला! बाबा, बघितलंत?

चिंतामणी सर : शाब्बास! अलिबागच्या स्पर्धेत बेसबॉल असाच मारायचा. माहरुख, दोन महिन्यांत पोरीला तयार केलंस हां.

माहरुख : सर, परवा अलिबागची गाडी किती वाजता?

चिंतामणी सर : तुझं नाव नाही दिलं गं. त्या जागी चैत्राली जातेय.

माहरुख : काय? सर, मी पहिल्यापासून...

चिंतामणी सर : दोन रात्री मुक्काम आहे. तुमच्यात मुलींना सोडत नाहीत, मला ठाऊक आहे. उगाच विचारायचं कशाला?

माहरुख : अब्बांनी सही दिलीय. ही बघा चिठ्ठी. नवे बूटपण आणलेत.

(सरांनी चिठ्ठीची घडीसुद्धा उलगडली नाही. दोन महिने पोरीला राबवून घेतलं, आणि आता कागद बघायला फुरसत नाही मेल्याला!)

चिंतामणी सर : यादी कधीच गेली. पुढच्या वर्षी बघू.

माहरुख : पुढल्या वर्षी मी शाळेत कुठं सर? दहावी हाय माझी.

चिंतामणी सर : चैत्रालीचीही आहे. तिला खेळाचे वाढीव गुण लागतील. तुला कुठे डॉक्टर व्हायचंय? चल, तोंड पाडू नकोस. अजून अर्धा तास दाखव तिला, मी चहा घेऊन येतो.

चैत्राली : रागावलीस? मला सांगायचं होतं गं. पण बाबा म्हणाले, शिकून होईपर्यंत बोलू नकोस.

माहरुख : कधी म्हणाले?

चैत्राली : गणपतीत. तुझ्याकडे शिकायला लागले तेव्हाच.

माहरुख : बरं. बॅट धर. अलिबागला बॉल लय जोरात येतात. तिथं आधी हात.

चैत्राली : आधी? आत्ता तर शेवटी म्हणालीस.

माहरुख : ते इथल्यापुरतं. कंबर नंतर फिरव. मार.

चैत्राली : शी! पायाशीच पडला.

माहरुख : पहिल्यांदा पडतो. शंभरदा मार. एकदा अंगात बसलं का सुटत नाय.