नसलेली वांगी

संभानं, माझ्या मेहुण्यानं, उचगावात वांग्याचं उभं रान उपटलं, पण त्याला येडं म्हणू नका.

त्याच्या वांग्याला अळीच लागंना. दुकानदारानं बंदी असलेलं, जनुक बदललेलं बी दिलं काय, अशी त्याला शंका आली. बाजारात न्यायच्या आधी तपासून घ्यावं म्हणून आम्ही पिशवीभर वांगी घेऊन सरकारी कचेरीत गेलतो.

साहेब म्हणाले, "असल्या वांग्याला देशात परवानगीच नाही. मग तुमच्या शेतात येईल कुठून?"

"तेच तपासा की!"

"जे नाहीच, ते काय तपासायचं?"

संभाचं डोकंच फिरलं. त्यानं पिशवी टेबलावर आपटली. "मग घरी न्या, भरीत करून खावा!"

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. "नको बाबा! घरात लहान पोरं आहेत."