येरलानच्या कोपऱ्यात

मी मूळचा खडकीचा. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि आमच्या घरामागं मिलिटरीचं मैदान, तिथं जवान बॉक्सिंग करायचे, ते बघून बघून मीपण चार वर्षं ग्लोव्हज घातले, नाक मोडून घेतलं, तेव्हा आई म्हणाली आता पुरे. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं बर्मिंगहॅमला बोलावलं तसा आलो, फाउंड्रीत लागलो, ती बंद पडली मग हॉस्पिटलात, प्लास्टर रूममध्ये. काय सांगू तुम्हाला ताई, वीस वर्षं मी मोडलेले हात बांधले. टेरी म्हणून एक बॉक्सिंगचा जिमवाला मनगट मोडून आला होता, माझं बँडेज बघून म्हणाला, दामू, आमच्या पोरांचे हात बांधशील का. म्हणलं बांधीन. झालं, हॉस्पिटल सुटलं की जिम, बायको म्हणायची तुम्ही घरी पाहुण्यासारखे येता, खोटं नव्हतं ते.

आता येरलानचं ऐका, ते लिहून घ्यायलाच तर तुम्हाला बोलावलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. टेरीचा ली म्हणून बॉक्सर होता, अकरा वर्षांचा असल्यापासून मी त्याचे हात बांधलेले, माझ्या हातची पुरणपोळी खाल्लेला पोरगा. त्याच्याशी लढायला कझाकस्तानचा माणूस बोलावला. त्यांच्याकडं बॉक्सिंग म्हणजे अ‍ॅमॅच्युअर, मेडल आणलं की सरकार फ्लॅट देतं, नोकरी देतं, आणि प्रोफेशनल झालास तर तुझं तू बघ. लढती लावणारा कोणी नाही, टीव्हीवर दाखवणारा कोणी नाही, मग हे लोक जर्मनीला जातात, रशियाला जातात, इथं येतात, दुसऱ्याच्या गावात दुसऱ्याच्या पोराकडून हरायला. हे सगळं मला येरलाननंच सांगितलं, मोडक्या इंग्लिशमध्ये, मी त्याचे हात बांधत असताना.

कारण त्याच्या कोचला व्हिसाच मिळाला नाही. एकटाच आला, खांद्याला एक बॅग. मग टेरी म्हणाला, दामू, आज तू त्याच्या कॉर्नरला उभा राहा, राउंडच्या मधे त्याला बघ. ही इथली रीत आहे, पाहुण्याला माणूस नसेल तर घरचाच माणूस द्यायचा. आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, फार कष्ट घेऊ नकोस. हसत म्हणाला. पण मला ते टोचलं, अजून टोचतं.

रविवारची दुपार, लेजर सेंटरचा, म्हणजे इथल्या क्रीडासंकुलाचा हॉल, लीचे काका-मावश्या सगळे पुढं बसलेले. येरलान हात पुढं करून बसला होता, बोटं पसरून, एकदम शांत. मी म्हणलं, घरी कोण कोण आहे. म्हणाला आई आहे, आणि करागांडात, माझ्या गावी, जिममध्ये बारा पोरं माझी वाट बघतायत, मी जिंकलो तर तीपण प्रोफेशनल होणार, हरलो तर त्यांचे बाप म्हणतील बघा, काय मिळालं. मला तो अगाय म्हणायचा, म्हणजे आपल्यासारखं गुरुजी. मी म्हणलं सबूर ठेव, तर हसला, त्यांच्याकडंपण तोच शब्द आहे म्हणे, साबिर का काहीतरी.

सहा राउंडची लढत. अहो, काय हात होता त्याचा! लीला तो सापडतच नव्हता. पण एक खोड, आपला ठोसा बसला की हा मागं सरकायचा, अ‍ॅमॅच्युअरमध्ये पॉइंट मिळाला की तसंच करतात, मिळालेला राखायचा. तिसऱ्या राउंडला डोक्याला डोकं लागलं, भुवई फाटली. दोन राउंडच्या मधे एक मिनिट असतं आपल्याकडं, एकच. मी दाबून धरलं, औषध भरलं, व्हॅसलिन लावलं, समोरून टेरी माझ्याकडंच बघतोय. रक्त थांबलं. ते काम मी चोख केलं, शपथेवर सांगतो.

पाचवा राउंड संपला, तो स्टुलावर बसला आणि मला विचारतो, अगाय, स्कोअर? त्यांच्याकडं कोपऱ्यातल्या माणसाला स्कोअर कळायचा, म्हणून विचारलं बिचाऱ्यानं. आणि मी म्हणलं, तू पुढं आहेस, सांभाळून खेळ.

ताई, तो पुढं होताच. खोटं बोललो नाही मी. पण मला इथं वीस वर्षं झाली होती, मला माहीत होतं की पाहुण्याचं पुढं असणं पुढं असणं नसतं. इथं छोट्या लढतीला तीन जज नसतात, रेफरी एकटाच मार्क देतो, आणि हॉल सगळा लीचा. मी म्हणायला पाहिजे होतं, जा, पाड त्याला. लीचे पाय गेले होते, मला दिसत होतं, अजून दोन ठोसे आणि बसला असता. आणि तेच मला बघवलं नसतं. का आपल्या खडकीच्या मैदानातली, मिळालेला पॉइंट राखायची सवय बोलली माझ्या तोंडून? खरंच सांगतो, मला अजून कळलेलं नाही. मी येरलानच्या कोपऱ्यात होतो का लीच्या, ते कळलेलं नाही.

शेवटचा राउंड तो सांभाळून खेळला. मी सांगितलं तसं. घंटा झाली आणि तो चालत मधोमध गेला, रेफरीच्या बाजूला उभा राहिला, मनगट पुढं केलं. अ‍ॅमॅच्युअरमध्ये दोघांना मधे घेऊन जिंकणाऱ्याचा हात वर करतात ना. इथं तसं नसतं, इथं रेफरी जिंकणाऱ्याकडं चालत जातो. तेवढंपण मी त्याला सांगितलं नव्हतं. रेफरी त्याच्या बाजूनं गेला आणि लीचा हात वर केला, अर्ध्या पॉइंटनं. लीच्या मावशीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या नाहीत. येरलान तसाच उभा, मनगट पुढं. मी आत जाऊन तो हात खाली घेतला. तो म्हणाला, रखमेत, अगाय. थँक यू म्हणाला मला.

पट्ट्या मीच कापून दिल्या. जिममध्ये मी नंतर गेलो नाही. टेरीनं दोनदा फोन केला, ली घरी येऊन गेला, चहा पिऊन गेला, विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

आता मी रिटायर, गुडघे गेले, विहारात रविवारी जातो तेवढंच. आणि गेल्या महिन्यात करागांडाहून फोन. येरलान! आता तो कोच आहे, त्या बारातले दोघं प्रोफेशनल व्हायचं म्हणतात, आमच्या देशात अजून काही धड नाही, पण हळूहळू होईल म्हणाला, कोणीतरी सुरुवात करायला पाहिजे. त्यांना इंग्लंडला पाठवू का, तुम्ही त्यांच्या कोपऱ्यात उभे राहाल का.

मी म्हणलं, येरलान, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे, अगाय. त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर तुम्हालाच विचारतोय, तुम्ही आता परत तसं नाही सांगणार.

म्हणलं पाठव. कपाटातून कात्री काढलीय, बँडेजचे रोल आणलेत, स्वयंपाकघराच्या टेबलावर बायकोचेच हात बांधून बघतो, ती म्हणते घट्ट झालं, सोडतो, परत बांधतो. पोरं येऊ देत, सुखरूप येऊ देत आणि सुखरूप जाऊ देत. स्कोअर विचारला तर सांगीन, बाळा, तू मागं आहेस.