सगळ्यात बारीक नळी

— नाही, उठू नका जावईबापू, बसा. बस कुठं आली. आदिलाबादहून ती सुटते तवा सुटते, मग ड्रायव्हर चहा पितो, मग कंडक्टरला कोनीतरी ओळखीचं भेटते, आन मग ती आमच्या भीमपूरच्या या शेडपाशी येते. तुमचे काका त्याच बसनं येऊन राह्यले हे तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. काऊन येऊन राह्यले तेही दोघांना माहीत. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली, रेणुकाला मूल नाही, तवा आपल्या महिपतला दुसरी सोयरीक पाहू — असंच ना? किरान्याच्या दुकानात फोन करून सांगितलं त्यांनी, म्हंजे सगळ्या गावाला सांगितलं. पन मी त्याबद्दल बोलतच नाही. मी माझ्या पायाबद्दल बोलून राह्यलो. उजव्या. — हसून राह्यलो त्याचं मनावर घेऊ नका. घाबरलो की मला हसू येते. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही आलं होतं. परीक्षक म्हनले, यात हसन्यासारखं काय आहे? मी म्हनलो, सर, मला उत्तर येत नाही.

तर पाय. शाळेतून घरी चालत यायचो, आन पिंपळापाशी आलं की पोटरी अशी आवळायची की पाऊल पुढं टाकवत नव्हतं. थोडं थांबलं की बरं. आता रस्त्यात नुसतं उभं कसं राहायचं? मग मी वर पाहायचो, फांदीकडं. गावात झालं, उद्धवराव मास्तर पाखरं पाहतात. लोकं विचारायला लागले, मास्तर, हे पाखरू कोनतं? मी आपलं काहीही नाव सांगायचो. पन तुमच्या सासूबाईनं ओळखलं. धरून नेलं मला आदिलाबादला, डॉक्टरकडं. तेलुगू मानूस, चांगला शिकलेला, आपल्याशी हिंदीत बोलतो. 'मास्टरगारू, बीड़ी कितना पीते?' मी म्हनलो, थोडी. तुमच्या सासूबाई बाजूला बसलेल्या, ह्या म्हनल्या, 'बंडल.' त्यांनी पावलावरची नाडी पाहिली, घोट्यामागची पाहिली, सापडे ना. मग चष्मा काढून विचारतात, 'और घर में सब ठीक?' मी म्हनलो, हो, ज्वारी यंदा चांगली आहे, कापसाला थोडी अळी — तर ह्या म्हनतात, 'ज्वारीचं नाही विचारून राह्यले ते.' आन मग ह्यांनीच सांगितलं. माझ्यासमोर. हिंदीत. इतकी हिंदी येते हिला, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं — बाजारात व्यापाऱ्याशी भाव करता करता शिकली म्हनते. 'दो-तीन साल से नहीं होता इनको.' असं सांगितलं, जशी विहिरीवरची मोटर बंद पडली आहे. मी खिडकीबाहेर पाहून राह्यलो. तिथं फांदीही नव्हती.

इकडं पाहा, काडीनं काढून दाखवतो धुळीत, मला चित्राशिवाय बोलता येत नाही. हे काळीज. ही मोठी नळी. ही खाली पायाकडं गेली. आन ही — ही बारीक. कुठली ते समजलं ना? बरं. पाय नका ठेवू त्याच्यावर. कोनी येऊन राह्यलं का? — नाही, म्हैस आहे. तर डॉक्टर काय म्हनले, धूर ओढला की नळीचं आतलं अस्तर खराब होते, त्याच्यावर थर बसत जातो, नळी अरुंद होते. वरून प्रत्येक झुरक्याला नळी आवळते, थंडीत बोटं आखडतात तशी. मग रक्त पोचावं कसं? आन त्या वेळेला तर सगळा खेळ रक्ताचाच आहे, जावईबापू, दुसरं काही नाही, ताकदीचं नाही, मर्दपनाचं नाही, नुसतं रक्त पोचलं की नाही पोचलं. सगळ्यात बारीक नळी आधी बुजते. म्हनून पाय दुखायच्या कितीतरी आधी दुसरं बिघडते, आन मानूस लाजून गप बसते. आन डॉक्टर म्हनले, गप बसू नये, कारन याच्या मागून काळजाचा नंबर लागू शकतो. पाहा ना, मी जन्मभर पोरांना रक्ताभिसरन शिकवलं. लाल खडू, निळा खडू. आन ही नळी कधी फळ्यावर काढली नाही. पुस्तकात नव्हतीच. की होती आन मीच पान उलटलं, आता आठवत नाही.

सोडली मी. हो, बिडी. पहिल्या आठवड्यात तुमच्या सासूबाईशी भांडलो, शेजाऱ्याच्या बकरीशी भांडलो. आता पोटरी न आवळता पिंपळाच्या पुढं येते. आन दुसरं — दुसरं काही मी सांगनार नव्हतो. पन परवा दुपारी, सगळे कापूस वेचायला गेलेले — काही फार झालं असं नाही. म्हंजे झालं. थोडं झालं. आन त्यात हिला हसू आलं, मग मला आलं, आन मग आमचं हसू काही थांबे ना, तर ताराबाई भिंतीपलीकडून विचारतात, 'मास्तर, बरं आहे ना?' ही म्हनते, 'काही नाही, मांजर शिरलं घरात.' त्या बिचाऱ्या काठी घेऊन आल्या. — अरे देवा, हे मी तुम्हाला काऊन सांगितलं? सासऱ्यानं जावयाला हे सांगायचं असते का? रेणुकाला सांगू नका. शपथ घ्या.

नाही, तुमच्याबद्दल मी काही म्हनून नाही राह्यलो. रेणुका काही बोलली नाही आमच्याजवळ. — बरं, बोलली. आईजवळ बोलली. एवढंच म्हनली, की आई, लोकं मला वांझ म्हनतात ते म्हनू दे, पन त्यांच्याकडं कोनी बोट दाखवू नये. एवढे दिवस पोरगी तुमचं झाकून बसली, बापू. आन आज तिच्यावर सवत आनायची बोलनी. ती दुसरी येऊन तरी काय करनार? तिच्यापुढंही हीच नळी. — खाली नका पाहू. मी रागावलो नाही. रागावलो की मला हसू येत नाही, पाहा, येऊन राह्यलं.

तुमी तरने आहात, लवकर भरून येऊ शकते. फक्त सिगारेट किती वर्षांपासून ओढता ते डॉक्टर विचारतील. कधी धरली, कॉलेजात? ... नाही? ... लग्नाआधी ओढतच नव्हते? मग कुठं — ... आमच्या घरी? ... सोयरिकीच्या दिवशी?

थांबा. थांबा जरा. ताट मी ठेवलं होतं. पान, सुपारी, मधी सिगारेटचं पाकीट. जावयापुढं ताट ठेवायचं आन आपन बाहेर निघून जायचं, मोठ्या मानसासमोर त्याला संकोच नको म्हनून — माझ्या बापानं तसंच केलं, त्याच्या बापानं चिलीम ठेवली असंल. आन मग ताट उचलताना पाहायचं, थोटूक आहे का. नसलं तर तुमच्या सासूबाई म्हननार, जावई रुसले. म्हंजे तुमी ओढत नव्हते, आन माझा मान राहावा म्हनून — तो खोकला. मी बाहेरून ऐकला तो खोकला. मी व्याह्यांना म्हनलो, पाहा, जावई रंगले. आन मग पोळ्याला, दिवाळीला, संक्रांतीला — फिल्टरवाली आनायचो मी, आदिलाबादहून, मुद्दाम. साधी कशी ठेवायची तुमच्यापुढं. आन तुमच्या घरी आमी आलो की तुमी माझ्यापुढं बिडीचं बंडल ठेवायचे. केवढा मान, जावईबापू. आपन दोघांनी एकमेकांचा इतका मान ठेवला की दोन्ही घरच्या बायका — नका हसू, तुमी हसले की माझं थांबत नाही. हसा, हसा. चार वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं तुम्हाला.

काय म्हनले? ... परत आलंच नाही तर? — तेही विचारलं मी. डॉक्टर म्हनले, खात्री कोनी देऊ नये. महिने लागतात. दुसरी कारनंही असतात, रक्तातली साखर पाहतील, डोक्यातली काळजी विचारतील, ती तर तुमच्याकडं पोतंभर आहे. माझं पूर्न आलं असं मी म्हनत नाही, माझं वयही झालं. पन ओढत राह्यलं तर कुठं जाते ते धुळीत काढून दाखवलं. सोमवारी जा. रेणुकाला घेऊन जा, तिच्या आईसारखी तीही बोलंल. मी नाही येत. मी तिथं हसलो तर डॉक्टर तिघांनाही बाहेर काढतील.

आन काकांना कोन सांगनार? मी सांगतो. मी सांगतो ना — नाही, माझ्याच्यानं नाही होत, तोंड उघडायच्या आधीच हसीन, आन ते म्हनतील मास्तर लेकीची बाजू घेऊन थट्टा करून राह्यले, उठून जातील. मग कोन? ... तुमी? ... तुमी स्वतः? काय सांगाल, एकदा म्हना माझ्याजवळ. ... 'दोष रेणुकाचा नाही, माझा आहे.' — एवढंच? एवढंच पुरे, बापू. दोष तरी कशाला म्हनायचं, म्हना दुखनं. दवा चालू करनार आहो म्हना. बाकी त्यांना काही सांगायची गरज नाही.

आली वाटते. हो, तीच. उतरले पाहा, पिशवी सावरून राह्यले. — राम राम चंपतराव, या. प्रवास बरा झाला? ... घरी जाऊ ना, जाऊ, स्वयंपाक झाला आहे. पन जरा बसा आधी. हो, इथंच, शेडमधे. महिपतरावाला तुमच्याशी काही बोलायचं आहे म्हनते. ... मी? छे, मी कशाला, मी काही बोलत नाही. मी तिकडं जाऊन उभा राहतो.

बोला, जावईबापू.